हिला बसता येत नाही

"खेळता येतं हो हिला. पण बसता येत नाही. आणि ज्याला बसता येत नाही, त्याला स्नूकर येत नाही."

हे मी पुण्यातल्या एका जिमखान्याच्या जाळीच्या दाराआडून ऐकलं. आवाज अभ्यंकर सरांचा, स्नूकर संघाच्या प्रशिक्षकांचा. खर्जातला, सावकाश, वेलची चघळत बोलणाऱ्या माणसाचा. पूलच्या निवडचाचणीतला सामना जिंकून मी पाणी प्यायला बाहेर आले होते.  आज त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. सर गेले, जाळीचं दार जाऊन तिथं काच आली. तरी लग्नकार्यात कुणी "बसा ना ताई" म्हणालं, की मला आधी तो आवाज ऐकू येतो, मग खुर्ची दिसते.

मी गोदावरी बुगड, इचलकरंजीची. पूल खेळायची. दौलूमामाच्या खालच्या मजल्यावर यंत्रमाग होते आणि वरच्या मजल्यावर पूलचं टेबल. खाली खडखडाट सुरू झाला की वर टेबल अंगात आल्यासारखं थरथरायचं. बॉल ठेवला तिथे राहील याची खात्री कुणी द्यायचं नाही. त्यामुळे कुणाची बाही लागून बॉल हलला, तरी तो तोंड वर करून म्हणायचा, "मागानं हलला." भांडण तिथंच मिटायचं. मामाकडे खुर्ची नव्हती. समोरचा खेळत असताना आपण भिंतीला टेकून उभं राहायचं, खडू क्यूच्या काठीवर करकरा घासायचा, त्याच्या नजरेसमोरून मुद्दाम एक फेरी मारायची. हाही खेळातलाच भाग.

घरी आई कांड्या भरायची. माझ्या जन्माआधीपासून ती त्या रहाटापाशी बसली होती. चाक फिरे, धागा कांडीवर चढे आणि आई घरघरीच्या तालावर ओव्या जुळवी. माझ्यावरही एक जुळवली होती:

बसल्या जागी बाई गं, फिरवीते मी रहाट
लेक माझी गोदूबाई, उभ्या-उभ्या चाले वाट

तिला ते कौतुक वाटायचं. मला मात्र वाटायचं, उभं आयुष्य हिनं बसून काढलं. मी नाही बसणार.

आणि हा माणूस म्हणत होता, हिला बसता येत नाही!

स्नूकरच्या संघातली एक खेळाडू काविळीनं पडली म्हणून मला घ्यावं लागलं होतं. हौशी खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, माल्टा नावाच्या बेटावर. पहिल्या आठांत आलीस तर राष्ट्रीय शिबिरात घेऊ, नाहीतर आपला पूल बरा, असं मला तोंडावर सांगण्यात आलं. मला शिबिर हवं होतंच. त्याहून जास्त मला त्या वेलचीच्या तोंडातलं ते वाक्य परत गिळलेलं पाहायचं होतं.

जाताना मामानं एक काम केलं. स्नूकरला कोट-जाकिटाचा थाट लागतो म्हणून त्यानं माझं जाकीट शिवून घेतलं ते वरातीच्या बँडवाल्यांचे पोशाख शिवणाऱ्या शिंप्याकडून. शिंप्यानं सवयीनं कडेला सोनेरी गोट लावला. मला तो आवडला. विमानतळावर मृणालिनी सबनीसनं तो पाहिला.

ही आमच्या संघातली खरी स्नूकरवाली. जिमखान्यात वाढलेली, वडील तिथलेच सभासद, सरांची पट्टशिष्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. बोलताना समोरच्याच्या कानाच्या पाळीकडे बघायची, डोळ्यांत बघण्याइतकी ओळख झालेली नाही, अशा थाटात.

"बुगड," ती म्हणाली, "वरात मागून येतेय का?"

"वरात पुढं गेलीय, सबनीस मॅडम," मी म्हणाले. "घोडं तेवढं मागं राहिलंय."

सर खोकले. ते हसू दाबत होते की राग, ते कळलं नाही.

माल्टा म्हणजे पिवळ्या दगडाचं गाव. भिंती पिवळ्या, रस्ते पिवळे, समुद्र तेवढा निळा. वारा असा, की माणसाला ढकलत न्यायचा. पण खेळायच्या हॉलमध्ये त्या वाऱ्याला मज्जाव. जाड गालिचा, जाड पडदे. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माझ्या कानांना ती शांतता टोचायला लागली. एकेका टेबलाशी दोन माणसं सुतकात असल्यासारखी. चांगला फटका बसला तर हात न उचलता बोटानं लाकडावर टकटक करायची. चुकून बॉल पडला तर हात वर करून माफी मागायची. मी म्हटलं, अगंबाई, बॉल पडल्याबद्दल माफी? आमच्याकडं चुकून पडला तर मारणारा जास्त ओरडतो!

टेबलही केवढं! आमच्या पूलच्या टेबलाला पोटात घेईल असं. भोकं मात्र चिमणीच्या चोचीएवढी. लाल बॉल घाला, मग रंगीत घाला, रंगीत परत वर काढा, पुन्हा लाल. मी मृणालिनीला म्हणाले, "घातलेला बॉल परत काढायचा म्हणजे वाढलेलं ताट उचलण्यासारखंच झालं."

"पूल हा जत्रेतला खेळ आहे," ती म्हणाली. "रिंग टाकून साबण जिंकतात तसा. तुला वेळ लागेल."

आमची खोली एकच होती. ती कपडे इस्त्री करून हँगरला लावायची, क्यू पुसून पेटीत निजवायची. मी क्यू पलंगाला टेकवून ठेवायची. एकदा बोलता बोलता मी तिला आमचं ते 'मागानं हलला' सांगितलं. वाटलं, हसेल. ती इस्त्री थांबवून माझ्याकडे, कानाच्या पाळीकडे नव्हे, थेट बघत म्हणाली,

"आमच्यात आपला फाउल आपण सांगायचा असतो, बुगड. रेफरीला दिसो न दिसो. बॉलला केस लागला तरी. हे शिकवून येत नाही. ते घरातून यावं लागतं."

"घरातून" या शब्दावर तिनं जरासा जोर दिला. मी पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून मी मनातल्या मनात तिला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या मागावरच्या बायकांनाही ठाऊक नसतील.

पहिल्याच सामन्यात माझी फजिती झाली. समोर एक आयरिश बाई, पिकल्या केसांची, गालांवर लाली. तिनं लाल बॉल मारायला जाऊन निळ्याला धडक दिली. रेफरी म्हणाला, फाउल. आता पूलमध्ये समोरच्यानं फाउल केला की पांढरा बॉल आपल्या हातात येतो. उचलायचा आणि मनाला येईल तिथे ठेवायचा. लहानपणापासून माझ्या हाताला तीच सवय. रेफरीचा शब्द कानावर पडला, मी पुढं झाले, पांढरा उचलला, तळव्यावर जरा उडवला आणि एका सोयीच्या जागी ठेवला.

स्नूकरमध्ये पांढरा जिथं थांबला तिथूनच खेळायचा असतो. हात लावायचा नाही.

 हॉलमध्ये कुठूनतरी एक फुसकन हसू सुटलं आणि त्यामागे सगळेच. रेफरीनं पांढऱ्या हातमोज्यात तो बॉल असा उचलला, जसा काही मी ताटात उष्टा हात घातला होता. पुन्हा जागेवर ठेवला. "फाउल," तो म्हणाला. या वेळी माझा.

मी खुर्चीत जाऊन बसले. बसले कसली, टेकले. लगेच उठले, पाणी प्यायले, पुन्हा टेकले, खडू घासला. रेफरीनं बोटानं खूण केली, आवाज नको. प्रेक्षकांत सर बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शेजारी मृणालिनी. ती हसत नव्हती. ती नुसती जाकिटाची घडी सारखी करत होती, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

सामना मात्र मी जिंकले. चोचीएवढ्या भोकांत लांबून लांबून बॉल घातले. आयरिश बाईनं हात हातात घेतला, काहीतरी गोड बोलली, मला कळलं नाही. सर बाहेर एवढंच म्हणाले, "पांढऱ्याला हात लावतेस! लोक म्हणतील, भारतात नियमांची पुस्तकं मिळत नाहीत."

"जिंकले ना, सर?"

"जिंकणं वेगळं," सर म्हणाले.

मग असेच दोन-तीन सामने पडत-धडपडत काढले आणि पहिल्या आठांत जाण्यासाठी जो एक सामना उरला, त्याची सोडत निघाली. मृणालिनी सबनीस विरुद्ध गोदावरी बुगड. हजारो मैल उडत यायचं आणि समोर कोण, तर खोलीतलीच बाई.

सर दोघींना म्हणाले, "मी कुणाच्याच बाजूनं बसणार नाही." आणि मृणालिनीच्या खुर्चीमागच्या रांगेत जाऊन बसले.

पाच फ्रेमचा, म्हणजे पाच डावांचा सामना. तिचा खेळ म्हणजे रांगोळी. ठिपक्याला ठिपका, रेघ कुठे जाड नाही, बारीक नाही. माझा खेळ म्हणजे धुळवड. पण पडत होतं. एक तिची, एक माझी, पुन्हा तिची, पुन्हा माझी. शेवटच्या फ्रेमला मी पुढं होते. टेबलावर तीनच रंग उरले होते: निळा, गुलाबी, काळा. तिला तिन्ही हवे होते. मला एक घातला तरी पुरे. आणि फाउलाचे गुण समोरच्याला मिळतात, त्यामुळे एवढ्यात तिनं एक फाउल केला असता, तर तिन्ही घालूनही तिला पुरलं नसतं.

पाळी तिची. मी खुर्चीत.

पांढरा अशा अडचणीत थांबला होता, की निळ्यावर मारायचा तर गुलाबीवरून हात पसरूनच. ती वाकली. डावा हात टेबलावर टेकवून बोटांची कमान केली. अंगठ्यावर क्यू. पांढऱ्या सदऱ्याची बाही, तिला मनगटाशी मोत्यासारखं बटण. रेफरी पलीकडच्या बाजूला, निळ्यावर डोळे लावून. तिनं क्यू मागे घेतला आणि ते बटण गुलाबीला लागलं.

गुलाबी हलला. तिळाएवढा. दिव्याचा जो पांढरा ठिपका त्याच्यावर चमकत होता, तो सरकला आणि पुन्हा स्थिर झाला.

माल्ट्यात माग नव्हते.

ती तशीच वाकलेली थांबली. मान न हलवता तिनं डोळे वर केले. रेफरीकडे नाही, सरांकडे नाही. माझ्याकडे. कानाच्या पाळीकडे नाही, डोळ्यांत. आणि मला कळलं, मला दिसलंय हे तिला दिसलंय.

मामाकडे असते तर मी अशी ओरडले असते, की खालचे माग थांबले असते. पाय आपोआप सरसावले, टाचा उचलल्या गेल्या. तोंडात शब्द आला होता, त्याची चव अजून आठवते. एक शब्द, आणि पहिले आठ, शिबिर, सरांची वेलची, सगळं माझ्या पदरात.

मग मला तिचं ते "घरातून" आठवलं.

आणि आई दिसली. धागा तुटला की ती कधी उठायची नाही. चाक थांबवायची, हात मांडीवर ठेवायची, पाठ ताठ. तुटलेलं टोक आपणहून दिसेपर्यंत त्या कांडीकडे बघत राहायची. चिडायची नाही, शोधायची नाही. बघायची.

मी टाचा खाली टेकल्या. क्यू उभा धरला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मृणालिनी सबनीसकडे बघत बसले. दया म्हणून नव्हे. सांगते ते खरं, माझ्या मनात दयेचा कण नव्हता. आपला फाउल आपण सांगायचा असतो ना? मग सांग की. मी का सांगू? तुझ्या घरातून आलंय ना? आण.

ती एवढा वेळ वाकून राहिली, की रेफरीनं मान तिरकी करून बघितलं.

मग तिनं फटका मारला.

निळा गेला. पुढचा फटका एकदा बसला, की मागच्या फाउलाला कुणी विचारत नाही, हाही त्यांचाच नियम. गुलाबी गेला. काळा तिनं इतका हळू ढकलला, की तो भोकाच्या काठावर जाऊन क्षणभर विचार करत थांबला आणि मग पडला. टाळ्या झाल्या. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मृणालिनीनं माझ्याशी हात मिळवला.  काळा पडल्यापासून तिनं माझ्याकडे बघितलं नव्हतं. पुन्हा कानाची पाळी.

"छान खेळलीस," ती म्हणाली.

"तुम्हीपण, मॅडम."

संध्याकाळी खोलीत आल्यावर ती बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून होती. बाहेर आली तेव्हा सदरा धुतलेला, हातात पिळून धरलेला. दुसऱ्या दिवशी सामना असताना कुणी सदरा धुवत नाही. मी माझं सामान भरत होते. सोनेरी गोटाचं जाकीट सगळ्यांत वर ठेवलं. तिनं ते पाहिलं आणि वरातीचं काही बोलली नाही.

"बुगड," एवढंच म्हणाली आणि थांबली.

मी वाट पाहिली.

"दिवा घालवू का?"

"घालवा."

सकाळी हॉटेलच्या जेवणघरात आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. खिडकीबाहेर निळा समुद्र, आत टोस्टचा वास. तिचा पुढचा सामना तासाभरात होता, माझं विमान दुपारी. सर खुशीत होते. अंड्यावर मिरपूड घालता घालता त्यांची तबकडी लागली.

"कालचा सामना मी शिकवताना सांगणार आहे. शेवटच्या तीन बॉलांत माणूस कळतो. निळ्यावर ती किती थांबली, बघितलंस ना? पूलवाला असता तर धाडकन मारून मोकळा झाला असता. हा संयम! हे स्नूकर." माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बुगड, काही शिकलीस की नाही इथं येऊन?"

"शिकले, सर."

"काय?"

"बसायला."

सर मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "उशिरा का होईना! मी पुण्यातच म्हटलं होतं, हिला खेळता येतं, पण—"

"ऐकलं होतं मी," मी म्हणाले आणि टोस्टला लोणी लावायला घेतलं.

सर किंचित ओशाळले, पण ओशाळण्यात फार वेळ घालवणारे ते नव्हतेच. "वाईट वाटून घेऊ नकोस. हा खेळ सभ्यतेचा आहे. इथं रेफरी नावाला असतो. आपला फाउल आपण सांगायचा. तुमच्याकडे काय ते, मृणालिनी सांगत होती मला, मागानं हलला?" ते पुन्हा हसले. "मागानं हलला!"

मृणालिनीच्या ताटलीतलं काहीच कमी झालं नव्हतं. तिच्या अंगात तोच सदरा होता, वारा असूनही पुरता न वाळलेला. मनगटाशी बटणाच्या जागी नुसता दोरा होता. मी लोणी लावत राहिले. कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत. घाई कसली होती? टोक दिसेपर्यंत बघत बसायचं.

"सर," ती म्हणाली.

"खा, खा. वेळ होतोय तुला."

"सर, काल गुलाबी हलला होता."

"कुठला गुलाबी?"

"शेवटच्या फ्रेममधला. निळा मारायला वाकले तेव्हा."

सरांनी काटा खाली ठेवला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "हलला म्हणजे... तिथं वरती ते एसीचं तोंड आहे. हवेनं हलला असेल."

मी पहिल्यांदाच मान वर करून सरांकडे बघितलं. त्यांनी नजर टाळली.

"हवेनं नाही, सर," मृणालिनी म्हणाली.  "माझ्या बाहीचं बटण लागलं. रेफरीला दिसलं नाही. मी सांगितलं नाही. हिला दिसलं होतं. ही नुसती बसून राहिली."